घरी घडवलेली स्टील गिटार : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात घरच्या घरी स्टील गिटार कशी बांधता येते, याविषयी लिहिले होते. आपल्याकडे या वाद्याला पिढ्यान्‌पिढ्या हवाईयन गिटार म्हणत आले आहेत. मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवून, डाव्या हातातील लोखंडी कांडी, म्हणजे बार, तारांवरून सरकवत ती वाजवली जाते. त्या लेखानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. काहींनी नाव छापू नये अशी विनंती केली आहे, म्हणून सर्वांचीच नावे वगळून फक्त गाव दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि ज्या प्रश्नांना मोठे उत्तर हवे होते, त्यांना जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : लहानपणी रेडिओवर हवाईयन गिटारवर चित्रपटगीतांच्या धुना ऐकल्या, तेव्हापासून या वाद्याची ओढ आहे. आमचे जुने घर पाडले गेले तेव्हा सागवानी दाराच्या दोन चौकटी मी ठेवून घेतल्या. सुतारकामाचा अनुभव फारसा नाही. या लाकडातून गिटार होईल का आणि सुरुवात कोठून करावी? (निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा, ठाणे)

उत्तर : होईल आणि चांगली होईल. आपल्याला सुतारकाम फारसे येत नसले तरी हे वाद्य हाती घ्यायला हरकत नाही, कारण साध्या गिटारमध्ये जे सर्वांत अवघड असते ते येथे मुळातच नाही. साध्या गिटारची मान बोटांच्या मापाने घडवावी लागते, तिच्यावर पडदे, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, ठोकून ते एका पातळीत आणावे लागतात आणि मान वाकू नये म्हणून आत लोखंडी सळई बसवावी लागते. स्टील गिटारमध्ये तारा लाकडापासून आठ ते दहा मिलिमीटर उंच असतात, त्या लाकडावर दाबल्या जात नाहीत आणि पडद्यांच्या जागी नुसत्या रेघा असतात. त्यामुळे मान आणि धड एकाच फळीतून काढता येते.

चौकट रंध्याखाली घालण्यापूर्वी एक लोहचुंबक घेऊन तिच्यावरून वीतवीतभर फिरवावा. जुन्या चौकटीत मोडलेले खिळे आणि बिजागरीच्या स्क्रूंचे तुकडे रंगाखाली दडलेले असतात, आणि त्यातील एकानेही रंध्याचे पाते खराब होते. नंतर साधारण ८०० मिलिमीटर लांब, १०० मिलिमीटर रुंद आणि ४० मिलिमीटर जाड असा सरळ तुकडा काढून घ्यावा. पहिल्या वाद्याला गोलाई, कमान वगैरे देऊ नये. चौकटीचा सरळ तुकडाच वाद्य म्हणून पुरेसा आहे, आणि त्यावर ओळखीच्या सुताराकडून फक्त वरची बाजू गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणून घेतली तरी चालेल. इतकी वर्षे घरात उभे राहिलेले सागवान आता वाळायचे किंवा वाकायचे फारसे उरलेले नसते. दुकानातून नवे लाकूड आणणाऱ्याला ही सोय मिळत नाही.

आता ज्या गोष्टीत हयगय चालत नाही ती सांगतो. तारांची दोन टोके जेथे टेकतात त्या दोन जागा, म्हणजे तारा ताणणाऱ्या चाव्यांच्या बाजूचा नट आणि दुसऱ्या बाजूची घोडी, एकमेकींना समांतर आणि अजिबात न हलणाऱ्या असल्या पाहिजेत. सहा तारा सुरात आल्यावर त्यांचा एकत्रित ताण तारांच्या जाडीनुसार ५५ ते ७५ किलोच्या घरात जातो. एका मध्यम बांध्याच्या माणसाने रात्रंदिवस त्या घोडीला लटकून राहावे, तसे हे आहे. माझ्या पहिल्या वाद्यात मी घोडीचे स्क्रू प्लायवुडच्या कडेत बसवले होते. सकाळी तारा लावल्या, दुपारी प्लायचे थर सुटले आणि घोडी स्क्रूंसकट वर आली. आपल्या सागवानात हा प्रश्न येणार नाही, तरीही तारा घोडीवरच न अडकवता लाकडाला आरपार भोके पाडून मागच्या बाजूने ओवाव्यात, म्हणजे ओढ लाकडाच्या पूर्ण जाडीवर पडते आणि घोडीवर फक्त खाली दाब राहतो.

नट आणि घोडी या दोन्हींसाठी २० मिलिमीटर बाय २० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा अँगल उत्तम काम देतो. खिडक्यांचे काम करणाऱ्यांकडे किंवा वागळे इस्टेटमधील फॅब्रिकेशनच्या दुकानांत त्याचे उरलेले तुकडे मिळतात. कानस, पटाशी, बारीक ड्रिल यांसाठी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर एक चक्कर पुरते. नट आणि घोडी या दोन टेकूंमधील अंतर पहिल्या वाद्याला साडेबावीस इंच, म्हणजे ५७१.५ मिलिमीटर धरावे. १९३१ मध्ये जॉर्ज बोशां यांनी आखलेली आणि रिकनबॅकर यांच्या कारखान्यातून १९३२ पासून बाहेर पडू लागलेली ‘फ्राइंग पॅन’ ही विजेवरची स्टील गिटार याच मापाची होती. तिचा पहिला नमुनाही लाकडीच होता.

प्रश्न : रेषांचा आराखडा संगणकावरून तीन कागदांवर छापून, जोडून, फळीवर चिकटवला. पाचव्या रेषेपर्यंत सूर बरा वाटतो, पण बाराव्या रेषेवर बार धरल्यावर सूर चक्क उतरलेला ऐकू येतो. तारा बदलून पाहिल्या, फरक पडला नाही. (कोपरखैरणे)

उत्तर : तारांचा दोष नाही. आपण स्टीलची पट्टी घेऊन नटाच्या आतील कडेपासून बाराव्या रेषेपर्यंतचे अंतर मोजावे. ते दोन टेकूंमधील अंतराच्या बरोबर निम्मे असले पाहिजे. आपले वाद्य ५७१.५ मिलिमीटरचे आहे असे आपण लिहिले आहे, तेव्हा बारावी रेषा २८५.८ वर हवी. आपल्याकडे ती बहुधा २८० च्या आसपास निघेल. छापताना मजकूर कागदावर बसावा म्हणून संगणक तो दोन-तीन टक्क्यांनी लहान करतो आणि ते आपल्याला कळवतही नाही. दोन टक्के लहान झाले की पाचव्या रेषेवर तीन मिलिमीटरचा फरक पडतो, जो कानाला जेमतेम जाणवतो, पण बाराव्या रेषेवर तो सहा मिलिमीटरच्या जवळ जातो. तेथे दोन शेजारच्या रेषांमधील अंतरच १७ मिलिमीटर असल्याने सूर अर्धस्वराच्या एकतृतीयांशाने उतरतो. बार नटाकडे राहिला म्हणजे तार लांब राहते आणि सूर खाली येतो. आपल्याला जे ऐकू आले ते अगदी बरोबर ऐकू आले.

कागद काढून टाकावा आणि रेषा हाताने आखाव्यात, त्यात एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ जात नाही. एकूण अंतराला १७.८१७ ने भागले की पहिल्या रेषेचे अंतर मिळते. उरलेल्या अंतराला पुन्हा त्याच संख्येने भागले की पहिलीपासून दुसरीचे, आणि असेच पुढे. आपल्या मापाला पहिली रेषा ३२.१ मिलिमीटरवर, दुसरी ६२.४ वर, तिसरी ९०.९ वर, पाचवी १४३.४ वर आणि सातवी १९०.१ वर येते. गणित एका रेषेवरून दुसरीवर जात असले तरी मोजमाप मात्र प्रत्येक वेळी नटापासूनच घ्यावे, मागच्या रेषेपासून नाही, कारण पेन्सिलीच्या टोकाची अर्ध्या मिलिमीटरची चूक बारा वेळा एकाच बाजूला पडली तर सहा मिलिमीटर होते.

वाजवताना बार रेषेच्या मागे नव्हे, बरोबर तिच्या डोक्यावर हवा. साध्या गिटारवरून आलेल्या माणसाचा हात सवयीने पडद्याच्या अलीकडे जातो. शिवाय तारा उंच असल्याने तिरके पाहिले की रेषा सरकलेली दिसते. वरून, नाकाच्या सरळ रेषेत पाहण्याची सवय लावावी आणि शेवटचा निर्णय कानावर सोडावा.

प्रश्न : बार ठेवल्यावर खालच्या जाड तारा स्वच्छ वाजतात, पण वरच्या दोन बारीक तारा झणझणतात. बार जोराने दाबला तर झणझण थांबते, मात्र सूर चढतो. (ऐरोली)

उत्तर : आपण नटाच्या सर्व खाचा एकाच खोलीच्या केल्या असाव्यात. बहुतेकजण असेच करतात. नव्या माणसाला ते बरोबरही वाटते. पण बार सरळ असतो आणि तो तारांच्या माथ्यावर टेकतो, त्यामुळे येथे तळ नव्हे, माथे एका रेषेत हवेत. आपल्या संचातील सर्वांत बारीक तार इंचाच्या १५ सहस्रांशाची, म्हणजे ०.३८ मिलिमीटर आहे आणि सर्वांत जाड ३६ सहस्रांशाची, म्हणजे ०.९१ मिलिमीटर. खाचांचे तळ सारखे असल्यास जाड तारेचा माथा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक वर राहतो. बार तिच्यावर टेकतो आणि बारीक तारांवर अधांतरी राहतो.

जाड तारांच्या खाचा तेवढ्या खोल कराव्यात. हे काम असे करावे : तारा हलक्या ताणावर ठेवून नटाजवळ त्यांच्यावर स्टीलची पट्टी आडवी उभ्या कडेवर ठेवावी, मागे टॉर्च धरावा आणि पट्टीखालून कोठे उजेड येतो ते पाहावे. ज्या तारेवर पट्टी टेकते तिच्या खाचेत बारीक कानस दोन-तीनदा फिरवून ती खोल करावी, तार परत बसवावी आणि पुन्हा उजेड पाहावा. घाई केली आणि एक खाच जास्त उतरली तर उरलेल्या पाचही उतरवाव्या लागतात. सहाही तारांच्या माथ्यावर पट्टीखाली एकसारखा अंधार झाला की घोडीजवळ हेच करावे. खाचेची धार बाराव्या रेषेच्या बाजूला तीक्ष्ण आणि मागे थोडी उतरती असू द्यावी. सितारीच्या घोडीवर जवारी काढताना पृष्ठभाग रुंद ठेवतात आणि त्याच्यावर घासून निघणारा तो खुललेला आवाज हवा असतो. येथे त्याच्या उलट तार एका धारेवरून सुटली पाहिजे.

प्रश्न : मी लेथवर काम करतो. मुलाने गिटार बांधली आहे आणि त्याच्यासाठी बार मी स्वतः करून देणार आहे. कोणते मटेरियल, कोणते माप? (फिटर, कळवा)

उत्तर : आपल्यासारखा माणूस घरात आहे हे आपल्या मुलाचे मोठे भाग्य आहे. ३०४ स्टेनलेसचा १९ मिलिमीटर व्यासाचा गोल बार घेऊन ७५ मिलिमीटर लांबीचा तुकडा करावा. त्याचे वजन १७० ग्रॅमच्या जवळपास भरते आणि मुलाच्या हाताला ते बेताचे आहे. बेअरिंगचे स्टील जास्त कठीण असते आणि त्यावर तारांचे ओरखडे कमी पडतात, परंतु कळव्याच्या खाडीच्या हवेत त्याला गंज लवकर चढतो, म्हणून मी स्टेनलेसच सुचवीन. एक टोक बंदुकीच्या गोळीसारखे गोलाकार करावे आणि दुसऱ्या टोकाला अंगठा बसेल अशी उथळ वाटी काढावी. टूलच्या खुणा दिसेनाशा होईपर्यंत ४०० पासून २००० नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर क्रमाने चालवून शेवटी बफिंग करावे. काचेवर लोळवून खालून उजेड येत नाही ना, ते पाहावे.

होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेतील जोसेफ केकुकू या मुलाने १८८९ च्या सुमारास हे वाद्य घडवले असे मानले जाते. आधी कंगवा, मग सुरीची पाठ असे करत शेवटी शाळेच्या कार्यशाळेत त्याने लोखंडी बार तयार केला, असे सांगतात. या वाद्याची सुरुवातच अशी वर्कशॉपमधून झालेली आहे. एकाऐवजी चार बार करावेत, ही माझी विनंती. ते कोणाकडे द्यायचे, हे पुढे येणाऱ्या एका पत्रावरून आपल्याला कळेल.

प्रश्न : मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तारांचे कंपन विजेत बदलणारा पिकअप स्वतः गुंडाळला. सगळीकडे ४२ नंबरची वायर सांगतात, म्हणून दुकानातून ४२ नंबरचीच आणली. आठ हजार वेढे घ्यायचे होते, पण तीन हजारांतच बॉबिन भरला. मल्टिमीटरवर जेमतेम नऊशे ओहम दाखवतो आणि आवाज अगदी क्षीण आहे. शिवाय अँपमधून (ॲम्प्लिफायरमधून) सतत गुणगुण येते. (घणसोली)

उत्तर : तू मोजमापे नीट लिहून पाठवलीस, त्यामुळे चूक दुरूनही दिसली. ४२ नंबर हे अमेरिकन मोजणीतले आहे, त्याचा व्यास ०.०६३ मिलिमीटर असतो. आपल्या बाजारात इनॅमल वायर ब्रिटिश मोजणीने मिळते आणि त्या मोजणीतला ४२ नंबर म्हणजे ०.१ मिलिमीटर. दुकानदाराने तुला जे मागितले तेच दिले. तुला हवी आहे ती आपल्याकडची ४६ नंबरची वायर, व्यास ०.०६१ मिलिमीटर. लॅमिंग्टन रोडवर मागताना नंबराबरोबर व्यासही सांगावा आणि शक्य असेल तर मायक्रोमीटर खिशात न्यावा. ती गुंडाळल्यावर आठ हजार वेढ्यांना साडेसहा-सात हजार ओहमच्या आसपास रोध दिसेल आणि आवाज भरदार येईल. ही वायर केसाहून बारीक असते. ती दोन बोटांत कापसाच्या बोळ्यातून सोडावी आणि ताण बोटांनीच राखावा. वेढे मोजायला स्वस्तातला कॅल्क्युलेटर चालतो : त्याच्या बरोबरच्या चिन्हाच्या बटणाला रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) जोडायचा, फिरणाऱ्या चकतीवर छोटा चुंबक लावायचा, एक अधिक एक दाबून ठेवायचे, मग प्रत्येक फेऱ्याला आकडा एकने वाढत जातो.

आता गुणगुण. तारांना हात लावल्यावर ती कमी होते का, ते पाहा. कमी होत नसेल तर तुझी घोडी जॅकच्या (अँपची वायर जेथे जोडतात त्या जागेच्या) अर्थिंगच्या टोकाला जोडलेली नाही. ॲल्युमिनियमवर साधा डाग (सोल्डर) बसत नाही, म्हणून स्क्रूखाली लग (भोकाची धातूची पट्टी) अडकवून त्याला वायर डागावी. पिकअपच्या आणि पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाच्या) खोबणीला आतून तांब्याची पट्टी चिकटवून तीही त्याच टोकाला जोडावी. उरलेली गुणगुण घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची असते. ट्यूबलाइट आणि चार्जरपासून थोडे दूर बसून, गिटारची दिशा थोडी फिरवून ती किती कमी होते ते बघ.

एक गोष्ट मात्र ताबडतोब करायची आहे. घोडी आणि तारा अर्थला जोडल्यावर वाजवणाऱ्याचा हात सतत अर्थवर असतो. म्हणून तुझ्या खोलीच्या सॉकेटला अर्थ खरोखर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे आणि घरात ३० मिलिअँपिअरचा गळती तोडणारा ब्रेकर नसेल तर तो बसवायला आईवडिलांना सांग. तोपर्यंत बॅटरीवरचा छोटा अँप वापर.

प्रश्न : पावसाळ्यात सकाळी लावलेली गिटार संध्याकाळी उतरलेली असते. लाकूड फुगते का? (नेरुळ)

उत्तर : लाकूड हवेतील ओलाव्याने रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे रेषा आणि टेकू जागेवरच राहतात. बहुतेक वेळा कारण तारांचे असते : एसीच्या खोलीतून वाद्य बाहेर आणले की पोलाद तापते, पसरते आणि सूर उतरतो. ‘फ्राइंग पॅन’चे धड ओतीव ॲल्युमिनियमचे होते आणि रंगमंचाच्या दिव्यांखाली ते तापून तिचा सूर हलत असे, तेव्हा लाकूड घेतल्याबद्दल आपण निश्चिंत असावे. वाद्य ज्या खोलीत वाजवायचे तेथे अर्धा तास ठेवून मगच लावावे, वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने खालून-वरून पुसाव्यात, आणि पॉलिशचे काम जुलै-ऑगस्टमध्ये करू नये, कारण दमट हवेत लॅकरवर पांढरट सावट येते.

प्रश्न : मला भावगीते आणि थोडेसे रागसंगीत वाजवायचे आहे. हवाईच्या पद्धतीची तारांची स्वरजुळणी ठेवावी की आपल्याकडची? (वाशी)

उत्तर : हवाईकडे सी सिक्स्थ नावाची जुळणी रूढ आहे, तिच्यात तारा एकत्र छेडल्या की गोड स्वरसंघ आपोआप मिळतात आणि चित्रपटगीतांच्या साथीला ती फार शोभते. आपल्याला एकच सुरावट गळ्यासारखी वाजवायची आहे, म्हणून मी हार्मोनियमच्या पांढरी दोनमध्ये सा, प, सा, ग, प, सा अशी जुळणी सुचवतो. वरच्या तारेवर गाण्याची सुरावट चालते आणि खालचे सा-प षड्ज-पंचमाचा आधार देतात. गाणारा काळी एकमध्ये असेल तर सर्व तारा अर्ध्या स्वराने उतरवाव्यात. काळी चार, काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंच्या साथीला मात्र तारांचा जाडीचा वेगळा संच लावावा लागतो, नुसता ताण वाढवून तेथे जाऊ नये.

आपल्या संगीताशी या वाद्याचे जमते ते मींडेमुळे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्यामुळे. पडदेच नसल्याने बार एका श्रुतीवरून दुसरीवर थेट जातो. विचित्र वीणा आणि दक्षिणेतील गोट्टुवाद्य याच तत्त्वावर चालतात. १९४० च्या दशकात ताऊ मो यांच्यासारखे हवाईयन वादक कोलकात्यात राहिले, त्यांच्याकडून हे वाद्य बंगालमध्ये पसरले आणि पुढे वॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या वादनातून घराघरांत पोचले. रागसंगीतासाठी ब्रिजभूषण काब्रा यांचे वादन आपण मन लावून ऐकावे, विशेषतः १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा पाहून तरफा (मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तारा) बसवण्याचा मोह होतो, पण पहिल्या वाद्यावर तो आवरावा : तरफांच्या डझनभर तारांचा ताण वेगळा असतो आणि त्यासाठी वाद्याची रचनाच वेगळी करावी लागते.

प्रश्न : घोडबंदर रोडवर फ्लॅटमध्ये राहतो. रंध्याच्या आणि ड्रिलच्या आवाजाने शेजारी त्रासतात, धूळही होते. (ठाणे)

उत्तर : कापणे आणि रंधणे वखारीतच करून घ्यावे. घरी कानस, पॉलिश पेपर आणि हाताचे गिरमिट एवढेच ठेवावे. शिसवाच्या धुळीने काहींना खोकला आणि पुरळ येते, म्हणून मास्क लावल्याशिवाय घासू नये.

प्रश्न : आम्ही सहा जण दर महिन्याला वर्तकनगरमध्ये एकाच्या घरी वाद्ये घेऊन जमतो. सुरुवातीला फार आनंद होता. आता एकाने केलेली घोडी दुसऱ्याने त्याचे नाव न घेता स्वतःची म्हणून दाखवली, त्यावरून कटुता आली आहे. एक सदस्य आपली मापे सांगतच नाही. शिवाय कोणाचे लाकूड चांगले, यावर प्रत्येक वेळी वाद होतो. गट टिकावा असे मनापासून वाटते. (ठाणे)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. असे गट फार थोडे आहेत आणि तो मोडू नये असे मलाही वाटते.

घोडीविषयी आधी बोलतो. ज्याने ती प्रथम केली त्याचे नाव घेतले जायला हवे होते, हे निःसंशय. नाव घेतल्याने दुसऱ्याच्या वाद्याची किंमत कमी होत नाही, आणि आपल्या गटात कोणी वाद्ये विकत नसल्याने येथे द्यायचे असते ते एवढेच. परंतु कल्पना कोणाची, याचा शोध फार मागे नेऊ नये. लोखंडाने तार दाबण्याची कल्पना आपली होती असे सांगणारे केकुकू यांच्या काळातही इतर होते. बोशां यांना विजेवरच्या गिटारचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले तोवर इतर कारखान्यांतूनही तशा गिटारी बाहेर पडू लागल्या होत्या. एकच अडचण असलेली चार माणसे बहुधा एकाच उपायापर्यंत येतात.

यावर मला सापडलेला उपाय वहीचा आहे. गटाची एक जाड, बांधीव वही करावी आणि ती ज्याच्या घरी बैठक असेल त्याच्याकडे ठेवावी. प्रत्येक वाद्याला दोन पाने द्यावीत. लाकूड कोणते आणि कोठून आले, वजन किती, टेकूंमधील अंतर, तारांच्या जाड्या, जुळणी, नट आणि घोडी कशाची, पिकअप घोडीपासून किती मिलिमीटरवर आणि त्याचा रोध किती, हे डाव्या पानावर. उजवे पान दोषांसाठी राखावे : काय सुटले, काय चिरले, किती दिवसांनी आणि मग काय केले. घोडीचे चित्र काढणाऱ्याने खाली आपले नाव आणि तारीख लिहावी. कोणी ती रचना घेतली तर त्याने आपल्या पानावर मूळ पानाचा क्रमांक लिहावा. नाव घेतले की नाही, हा वाद पुन्हा उरत नाही.

मापे न सांगणाऱ्या सदस्यावर जोर करू नये. उजव्या पानापासून सुरुवात केली तर तोही लिहील असे मला वाटते. माणूस आपले यश जपून ठेवतो, पण आपली घोडी उखडल्याचे दुसऱ्याने आधी सांगितले की स्वतःचीही उखडली होती हे सांगताना त्याला मोकळे वाटते. मिरजेच्या सितार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे ही विद्या घराण्यांत वडिलांकडून मुलाकडे हाताला हात लावून जाते. आपल्या घरात तशी परंपरा नाही, म्हणून आपल्याला ती लिहूनच पुढे न्यावी लागणार आहे.

लाकडाच्या वादासाठी एक बैठक द्यावी. ऐकणाऱ्यांनी पाठ फिरवून बसावे. वाजवणारा एक, बार एक, अँप एक, सुरावट एक. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येकाने ऐकल्यावर चिठ्ठीवर लिहावे, तोंडाने बोलू नये. आम्ही हे केले तेव्हा सारखाच पिकअप आणि सारखीच घोडी असताना सागवान कोणते आणि पॅकिंगच्या खोक्याचे पाइन कोणते, हे कोणालाही सातत्याने ओळखता आले नाही. मात्र जिची घोडी किंचित सैल होती ती गिटार सगळ्यांनी पहिल्याच वेळी ओळखली, कारण तिचा सूर धरल्या धरल्या विरत होता. लाकडावर वाद घालण्यात गेलेला वेळ आपण घोडीचे स्क्रू आवळण्यात घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

कळव्याच्या फिटर वाचकांचे पत्र वर छापले आहे. त्यांनी जादा बार केले आणि संपादकीय कार्यालयात कळवले तर आपली गाठ घालून देता येईल.

प्रश्न : माझे वडील हवाईयन गिटार वाजवत. त्यांच्या पश्चात वीस वर्षे ती कपाटावर पडून होती. आता मागची फळी सांध्यातून सुटली आहे. तिच्या चाव्या आणि घोडी काढून मुलासाठी नवी गिटार बांधावी असा विचार आहे. (तलावपाळी, ठाणे)

उत्तर : ताई, कृपया ती मोडू नये. सांध्यातून सुटलेली फळी म्हणजे केवळ जुना सरस वाळलेला असतो. लाकूड चिरलेले नसेल तर वाद्यदुरुस्ती करणारा कारागीर ती पुन्हा बसवू शकतो, आणि चाव्यांचा नवा संच त्या दुरुस्तीपेक्षा फार महाग पडत नाही. मुलाची गिटार नव्या सामानातच बांधावी, पण मापे वडिलांच्या गिटारवरून घ्यावीत. टेकूंमधील अंतर, तारांची उंची, नटावरील दोन खाचांमधील फासला आणि घोडीची धार ही चार मापे व्हर्नियरने घेऊन ठेवावीत. नटाच्या खाचा नीट पाहिल्या तर वडील कोणत्या जाडीच्या तारा लावत, याचाही अंदाज येईल. त्या वाद्यावर अजून जुन्या तारा असतील तर आज लगेच त्या सर्व सारख्या-सारख्या उतरवून सैल कराव्यात, म्हणजे सुटलेल्या फळीवर ओढ राहणार नाही. मात्र त्या काढून टाकू नयेत, मापे पूर्ण होईपर्यंत त्या आपापल्या खाचेत राहू द्याव्यात.